गौरीपुढचा वाकडा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे. मित्रांनो, जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चामड्याच्या पिशवीतला, आजोबांच्या काळचा कॅमेरा येईल. तसा मी नाही. मला या घरात येऊन फक्त चौदा महिने झाले आहेत. पण आम्हां डिजिटल कॅमेऱ्यांना म्हातारपण लवकर येतं. परवाच घरात बोलणं झालं, की आता याच्या निम्म्या आकाराचे कॅमेरे निघालेत. मला त्याचा धक्का बसला नाही. बसायचे ते धक्के गेल्या वर्षीच बसून गेले. त्यांतला एक असा होता, की अजूनही कुणी माझं झाकण काढलं की मी आधी दचकतो आणि मग बघतो.

तोच तुम्हांला सांगायचा आहे. एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव धोक्यात होता. तो धोका सगळ्यांच्या आधी मला दिसला होता. दिसला होता, पण कळला नव्हता.

मी दिसायला अगदीच बोजड. चपात्यांच्या डब्याएवढा म्हणा ना. माझ्यात रोल घालत नाहीत. माझ्या पोटात एक चपटी, चौकोनी फ्लॉपी सरकवायची. एका फ्लॉपीवर पंधरा-वीस फोटो मावतात. बटण दाबलं की मी खर्र खर्र असा आवाज करत फोटो फ्लॉपीवर लिहितो आणि पाठीवरच्या छोट्या पडद्यावर लगेच दाखवतो. आवडला नाही तर पुसता येतो. या पुसण्याचं तेव्हा सगळ्यांना फार कौतुक होतं. मलासुद्धा.

जिथे मी घडलो तिथे धुळीचा कण नव्हता. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं, तपासलं, खोक्यात घातलं. पुढे एका परदेशी विमानतळावरच्या दुकानात मी काचेमागे बसून होतो. शांतिसेनेतून परतणाऱ्या एका भारतीय जवानाने मला उचललं. त्यांचं नाव जयराज. "घरी बायको आहे, लहान मुलगी आहे, त्यांचे फोटो मला पाठवता येतील," असं ते दुकानदाराला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत होते. मग मी लोणंदच्या स्टेशनावर उतरलो तो थेट कांद्याच्या वासात. तिथून जीपने तीन मैलांवरच्या गावात. खोकं उघडलं तेव्हा दहा-बारा डोकी माझ्यावर वाकलेली होती.

"रोल कुठं घालायचा ह्याच्यात?" जयराजच्या वडिलांनी, हंबीररावांनी विचारलं.

"रोल नाही आबा याला."

"रोल न्हाई? मग फोटू बसतो कुठं?"

हंबीररावांनी मला उलटं केलं, हलवलं, कानाशी लावलं. कलिंगड पारखावं तसं बोटाने वाजवलंसुद्धा. हातमोज्यांची सवय असलेल्या मला तो पहिला धक्का.

गणपती बसले आणि दुसऱ्याच दिवशी जयराजची रजा संपली. मी त्यांच्या पत्नीच्या, अबोलीच्या हाती आलो. अबोली सांगलीची, तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी. झालेली. सगळ्यात काळजी करणारं माणूस म्हणजे ती. दूध तीनदा उकळायची. सृष्टी झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. सृष्टी ही तिची मुलगी, दोन वर्षांना दोन महिने कमी. घरातले अबोलीला हसत. मीही हसायचो. आज हसत नाही.

गौरी जेवायच्या दिवशी तिने मला पहिल्यांदा हातात धरलं. माजघरात उजेड कमी, म्हणून फ्लॅश लावला. मित्रांनो, तो फोटो कसा आला ते सांगायला अजून लाज वाटते. चौकट तिरकी, जणू घर एका बाजूला कललंय. गौरीच्या मुखवट्याचं कपाळ वरून कापलेलं. उजवीकडे कुणाचं तरी बांगड्या भरलेलं नुसतं कोपर. अर्धी समई. आणि खाली डाव्या अंगाला सृष्टी, हातात करंजी, तोंड उघडं, सरळ माझ्याकडे बघणारी.

"आगं बया, निघाला बी व्हय!" अबोलीच्या सासूबाई हरणाबाई पडद्यावर वाकल्या.

"वाकडा आलाय, आत्याबाई. पुसते आणि दुसरा काढते."

"पुसतीस? गवराय हाय त्यात. देवीला पुसायचं?"

"देवी कुठे पुसली जाते? नुसता फोटो..."

"काय बी सांगू नगं. ती चकती काढ भाईर. माज्याकडं दे."

आणि हरणाबाईंनी ती फ्लॉपी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली, खंडोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी. वर कुंकवाचं बोट लावलं, एक फूल वाहिलं. फ्लॉपी देवात! हा दुसरा धक्का.

त्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली होती. अंधारात फ्लॅश मारला की माणसाच्या बुबुळात बारीक लाल ठिपका येतो. तसा सृष्टीच्या उजव्या डोळ्यात आला होता. डाव्या डोळ्यात मात्र तो पांढरा होता, तांदळाच्या दाण्यासारखा. मी मनाशी म्हटलं, समईची ज्योत चमकली असेल. बाकी सगळे गौरीकडे बघत होते.

पहिल्या फोटोने अबोली खट्टू झाली. बाजाराच्या दिवशी मला पिशवीत घालून ती लोणंदला अनंतरावांच्या स्टुडिओत गेली. अनंतराव हंबीररावांचे जुने स्नेही. त्यांच्या वडिलांपासून स्टुडिओ चालत आलेला. लग्नाच्या व्हिडिओत नावं आणि फुलं टाकायला त्यांनी नुकताच संगणक घेतला होता.

"सूनबाई, हा कॅमेरा आहे का मिसळणाचा डबा?" मला बघून ते म्हणाले.

"काका, हसू नका. मला फोटो काढायला शिकवा."

"याच्यावर शिकायचं? बरं. कुठल्याही भांड्यात शिजवलं तरी मीठ तेवढंच लागतं."

त्यांनी तिचे दोन-चार फोटो संगणकावर मोठे करून बघितले.

"यात काय दिसतंय?"

"सृष्टी."

"आणि?"

"सृष्टीच की."

"हा कोपऱ्यातला खराटा? आणि पोरीच्या डोक्यातून उगवलेला हा विजेचा खांब?"

अबोलीने जीभ चावली.

"आपल्या डोळ्याला हवं तेवढंच दिसतं, सूनबाई. कॅमेऱ्याला सगळं दिसतं. म्हणून बटण दाबायच्या आधी चारी कोपरे फिरून यायचं. अंगणात रांगोळी घालायच्या आधी सडा घालतेस ना? तसं."

मग त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेला मधोमध खिडकी कापली. तिच्यावर दोन दोरे उभे आणि दोन आडवे ताणून बांधले. चौकटीची नऊ घरं झाली. "माणूस दरवेळी मधोमध पुतळ्यासारखा उभा करायचा नाही. या दोऱ्यांवर आण. ज्या दिशेला बघत असेल, तिकडे मोकळी जागा ठेव. नजरेला चालायला वाट लागते." लहान मुलाचा फोटो त्याच्या उंचीवर बसून काढायचा, हेही त्यांनी सांगितलं. आणि एक फोटो आला नाही तर तोच चारदा काढायचा, मात्र दरवेळी एकच गोष्ट बदलायची. कधी उजेड, कधी जागा, कधी अंतर.

"हे तर आमच्या कॉलेजातल्या प्रयोगांसारखंच झालं," अबोली म्हणाली.

"आणि हा फ्लॅश बंद ठेव. फ्लॅश म्हणजे माणसाच्या तोंडावर मारलेली पिठाची मूठ. खिडकीचा उजेड घे. तो देवाने फुकट दिलाय."

अबोली मन लावून शिकली. दोऱ्यांची चौकट घेऊन ती घरभर फिरायची. भाकरी थापतानासुद्धा एक डोळा मिटून चुलीकडे बघायची. "पोरगी येडी झाली का काय?" असं हंबीरराव हरणाबाईंना विचारायचे. पण फोटो सुधारत गेले. एका सकाळी सृष्टी खिडकीत बसून बाहेरच्या कोंबड्यांना हाका मारत होती. गालावर कोवळं ऊन, चौकटीच्या एका दोऱ्यावर तिचा चेहरा, पुढे सगळी मोकळी जागा. त्या फोटोचं गावभर कौतुक झालं. मी फुशारून गेलो. फ्लॅश वापरत नव्हतो, त्यामुळे तो पांढरा ठिपकाही पुन्हा दिसला नाही, आणि मी तो विसरून गेलो. अबोली जसजशी चांगले फोटो काढायला शिकत गेली, तसतशी ती खूण झाकली जात होती. हे आज आठवलं की माझ्या भिंगावर धुकं येतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या गावात त्या दिवशी कोयते, कुऱ्हाडी, नांगर, विहिरीवरची मोटर, सगळ्यांची पूजा होते. हंबीररावांनी मलाही पाटावर नेऊन बसवलं.

"ह्यो बी यंत्रच की. ह्याला का वगळायचा?"

कोयत्यांच्या रांगेत बसून माझा ऊर भरून आला होता. तेवढ्यात हरणाबाई ताट घेऊन आल्या. सगळ्या हत्यारांना कपाळ शोधून त्या हळदकुंकू लावत होत्या. माझं कपाळ त्यांना कुठलं वाटलं असेल? नेमकं भिंग! भरलेलं बोट सरळ माझ्या डोळ्यावर टेकलं. वरून अक्षता पडल्या. एक दाणा फ्लॉपीच्या फटीत गेला.

अबोली ओरडलीच. "आत्याबाई, काच!"

मऊ फडक्याने तिने मला कितीतरी वेळ पुसलं. टाचणीने तांदळाचा दाणा काढला. पण भिंगाच्या कडेला एक गुलाबी रेघ राहिलीच.

दिवाळीच्या पाडव्याला सृष्टीला दोन वर्षं पुरी झाली. तिन्हीसांजेला औक्षण करायचं आणि नेमके दिवे गेले. नुसती निरांजनं. अबोलीने नाइलाजाने फ्लॅश लावला, सृष्टीच्या उंचीवर गुडघे टेकून बसली आणि बटण दाबलं. खर्र खर्र. "बघू, बघू," म्हणत सगळे वाकले.

सृष्टी छान हसत होती. एक डोळा तुमच्याआमच्यासारखा होता. दुसरा पांढरा होता. रात्री वाटेत मांजराचा डोळा चमकावा तसा.

"अगं आई गं!" अबोलीच्या हातून मी पडता पडता राहिलो.

"कुकू गेलंया त्याच्या आत," हरणाबाई म्हणाल्या.

"तरी म्हनलं हुतं, काचंला लावू नगं," हंबीरराव त्यांच्यावर उखडले.

"आवं, तुमीच आनून ठिवला न्हवं पाटावर? यंत्र हाय, पूजा कर म्हनला!"

"पूजा कर म्हनलो. डोळं फोड म्हनलो न्हाई त्याचं."

सगळे हसले, आणि ते हसणंच वाईट झालं. हसल्यावर माणसाला वाटतं, की विषय संपला. सगळ्यांचं ठरलं, की दोष माझा आहे. मीही ते मानलं. माझ्या कडेला गुलाबी रेघ होती ना!

दोन दिवसांनी अबोली मला घेऊन अनंतरावांकडे गेली. त्यांनी भिंग फुंकरीने साफ केलं, वेलवेटने पुसलं. "डिजिटलचं असंच. काहीतरी उलटसुलट व्हायचंच," ते म्हणाले. "फोटो मात्र गोड आलाय. थांब, दोन मिनिटांचं काम." त्यांनी तो संगणकावर मोठा केला आणि एक एक ठिपका उचलून सृष्टीच्या पांढऱ्या बुबुळावर काळा रंग भरला. माझ्या डोळ्यांदेखत! त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून उपवर मुलींच्या गालांवरचे देवीच्या रोगाचे व्रण घालवले होते. फोटोतला दोष झाकायचा, हाच त्यांच्या घरचा धर्म. "बघ, झाली का राजकन्या?" एक प्रत त्यांनी अबोलीला दिली आणि एक काचेच्या कपाटात दर्शनी लावली.

घरी भिंतीवर दोन काळ्याभोर डोळ्यांची सृष्टी हसू लागली. सगळे निवांत झाले. अबोली झाली नाही.

ती बघत राहिली. भिंतीवरच्या फोटोकडे नाही, सृष्टीकडे. डाव्या बाजूने बिस्किट पुढे केलं तर सृष्टी घेत नव्हती, उजवीकडून केलं की लगेच हात यायचा. वाटी उचलताना ती मान जराशी कलती करायची. एका दुपारी अबोली तिच्याशी तोंड झाकून भो भो खेळत होती. तिने हाताने सृष्टीचा डावा डोळा झाकला. सृष्टी हसत राहिली. मग उजवा झाकला. सृष्टीने किंचाळून हात झटकून टाकला.

अबोली उठली. तिने मला घेतलं. दोऱ्यांची चौकटही घेतली. माजघराची दारं-खिडक्या लावून तिने अंधार केला.

"आत्याबाई, इथे बसा. मामंजी, तुम्हीपण."

"आता ह्ये काय नवीन?"

"बसा हो जरा."

तिने फ्लॅश लावून हरणाबाईंचा फोटो काढला. दोन्ही डोळ्यांत लाल ठिपके. हंबीररावांचा काढला. दोन्ही लाल. सृष्टीचा काढला. एक लाल, एक पांढरा. भिंत तीच, अंतर तेच, उजेड तोच. फक्त माणूस बदललं.

"एखाद्या वक्ताला हुतंय यंत्राचं," हंबीरराव म्हणाले.

मग तिने सृष्टीला चौकटीच्या डाव्या दोऱ्यावर बसवलं. मग उजव्या. मग मधोमध. मित्रांनो, माझ्या भिंगावरचा डाग असता, तर तो चौकटीतल्या आपल्या जागेवर बसून राहिला असता. सृष्टी इकडची तिकडे गेली असती, डाग हलला नसता. पण तो पांढरा दाणा प्रत्येक फोटोत सृष्टीच्या मागे मागे गेला. दरवेळी त्याच डोळ्यात. तेव्हा मला कळलं, की दोष माझ्यात नाही. आणि ज्याचा आनंद व्हायला हवा, त्याचीच मला भीती वाटली.

"माज्या हातनं झालं," हरणाबाई पुटपुटत होत्या. "कुकवाचा हात लागला, द्येवीचा कोप झाला. तवापासनंच पोरीच्या डोळ्यात..."

"आत्याबाई, खंडेनवमीच्या आधीचा, फ्लॅशने काढलेला एखादा फोटो मिळाला असता, तर कळलं असतं."

पण मिळणार कुठून? डब्यात दहाच फ्लॉप्या. जुने फोटो पुसून त्यांच्यावर नवे काढत गेलो होतो. आणि फ्लॅश तर अनंतरावांनी बंदच करायला लावला होता. अबोलीने एकेक काढून तपासली. नऊच भरल्या.

दोघींनी एकाच वेळी देव्हाऱ्याकडे बघितलं.

हरणाबाई उठल्या. टाकाशेजारची फ्लॉपी त्यांनी स्वतः काढली. तिच्यावर दोन महिन्यांचं कुंकू, तेलाचा हात, वाळलेली पाकळी. पदराने त्यांनी ती पुसली. अबोलीने माझ्या पोटात सरकवली. खर्र... आणि थांबलो. मला वाचताच येईना. देवा, आत्ता नको. तिने फ्लॉपी काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. खर्र खर्र खर्र.

आला. तोच वाकडा फोटो. कापलेलं कपाळ, कोपर, अर्धी समई. आणि खाली डावीकडे, करंजी धरलेल्या सृष्टीच्या डोळ्यात पांढरा दाणा.

बाहेर सृष्टी कोंबड्यांना हाका मारत होती.

"म्हंजी कुकवाचं न्हाई," हरणाबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या. "त्याच्या आदीपासनं हाय."

हंबीररावांनी दार उघडलं. "ऊसतोडीची टोळी यायची हाय परवा. जयराजला कळवू. त्यो आला की दावू डाक्टरला. तवर गावदेवाला..."

"तोड हुईल न्हाई तर ऱ्हाईल," हरणाबाई म्हणाल्या. नवऱ्याला मध्येच तोडताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. "आमी दोघी सकाळच्या गाडीनं मिरजंला जातो. तुमी ऊस बघा."

सकाळी लोणंदहून गाडी निघाली. अबोलीच्या मांडीवर सृष्टी, सृष्टीच्या मांडीवर मी. कराड गेलं, सांगली आली. माहेरचं गाव आलं तरी अबोलीने खिडकीबाहेर बघितलं नाही.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सृष्टीच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकले, दिवा घालून बराच वेळ पाहिलं. मग अबोलीने त्यांना माझ्या पडद्यावरचा गौरीचा फोटो दाखवला.

"हा कोणी काढला?"

"मीच," अबोली चाचरत म्हणाली. "पहिलाच होता. वाईट आलाय."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "वाईट नाही हो. इतका उपयोगाचा फोटो मला कुणी आजवर आणून दिलेला नाही."

त्यांनी समजावून सांगितलं. निरोगी डोळ्याच्या आतला पडदा लालसर असतो, म्हणून फ्लॅशचा उजेड परत येताना लाल दिसतो. इथे आत कॅन्सरची गाठ होती, तिच्यावरून तो पांढरा होऊन येत होता. असा ठिपका दिसला म्हणजे दरवेळी गाठच असते असं नाही. कधी मोतीबिंदू असतो, कधी मुलाची नजर नुसती तिरकी असते. पण दिसला की डॉक्टरांना दाखवायचंच, थांबायचं नाही.

"डोळा वाचवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "गाठ डोळ्याच्या बाहेर गेलेली दिसत नाही. या आठवड्यात डोळा काढला, तर मुलगी वाचेल. दोन-चार महिने गेले असते, तर मला हे सांगता आलं नसतं."

हरणाबाईंनी अबोलीचा हात धरला. अबोलीचा दुसरा हात माझ्यावर होता. मी पाहिलं होतं! गौरीच्या दिवशीच पाहिलं होतं, आणि समईची ज्योत समजून सोडून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी जयराज आले. पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. नंतर काढलेला डोळा तपासून डॉक्टरबाईंनी सांगितलं, गाठ बाहेर गेलेली नाही. सृष्टी वाचली.

ती घरी परतली त्या संध्याकाळी अनंतराव आले. उंबऱ्याच्या आत येईनात.

"सूनबाई, भिंतीवरचा तो फोटो मला परत दे. माझ्या कपाटातला काढून टाकलाय." त्यांनी हात पुढे केला. "रोग दिसत होता, आणि मी त्यावर रंग लावला गं."

अबोलीने फोटो उतरवून त्यांच्या हातात दिला. "काका, चारी कोपरे बघायला तुम्ही शिकवलंत. मधलंच बघायचं आपल्या सगळ्यांचं राहून गेलं. आत या. चहा टाकते."

त्यानंतर मी कपाटात गेलो. साड्यांच्या खाली, अंधारात. वर्ष होत आलं. माझा खर्र खर्र आवाज आठवला तरी अबोलीच्या डोळ्यांपुढे तो पांढरा दाणा येतो, असं ती एकदा जयराजना फोनवर सांगत होती. या गौरींनाही मला कुणी काढलं नाही. मला वाटलं, ही माझी शिक्षा. आणि ती बरोबरच आहे.

आज पुन्हा खंडेनवमी. सकाळी कपाट उघडलं. दचकलो. हरणाबाई होत्या.

"चल रं बाबा," म्हणत त्यांनी मला पाटावर नेऊन ठेवलं, कोयत्यांच्या शेजारी. सृष्टी धावत आली. ती आता तीन वर्षांची होईल. तिला नवा डोळा बसवला आहे, दुसऱ्याशी इतका जुळणारा, की सांगितल्याशिवाय कळत नाही. अबोलीने मला उचललं. दार लोटून घेऊन, फ्लॅश लावून तिने सृष्टीचा फोटो काढला. खर्र खर्र. सगळे वाकले.

एका डोळ्यात लाल ठिपका. दुसऱ्यात काहीच नाही. तो काचेसारखा नुसता चमकत होता. गावभर गाजलेल्या खिडकीतल्या फोटोपेक्षा मला तो लाल ठिपका सुंदर वाटला.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही. माझ्या फ्लॉप्याच लवकर मिळेनाशा होतील म्हणतात. तुमच्या घरात माझ्यापेक्षा हुशार कॅमेरे येतील, झटकन काढतील, झटकन पुसतील. चांगला फोटो काढायला जरूर शिका. कोपरे बघा, उजेड बघा, चौकट साधा. पण वाकडा आला म्हणून पुसायची घाई करू नका. आधी तो नीट बघा, आणि त्यातलं माणूस दोनदा बघा. काही वेगळं दिसलं तर रंग लावून झाकू नका. आणि घरात एखादी आई उगाच काळजी करते असं वाटलं, तर हसायच्या आधी ती काय बघतेय ते विचारा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हांला येतं.

आत्ता हरणाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या आहेत. हंबीरराव ओट्यावरून ओरडले, "आगं, काचंला लावू नगंस!"

"आंधळी हाय व्हय मी? गप बसा की."

त्यांनी आधी डावा तळहात माझ्या भिंगावर अलगद धरला. खरबरीत, उबदार अंधार झाला. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या माझं कपाळ चाचपू लागल्या, खूप वेळ, डोळ्यापासून लांब.